काकू, पायऱ्या किती आहेत?

शाहूपुरीतला आमचा माडीवरचा हॉल आणि तिथं दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी होणारी गाण्याची बैठक, या दोन्हींची नोंद मी दोन वर्षांहून जास्त काळ कोल्हापूरच्या एका कार्यक्रम-सूचीत करते आहे. आज शहरात नाटक कुठं, गाणं कुठं, चित्रांचं प्रदर्शन कुठं, व्याख्यान कुठं, हे सांगणारी ही सूची. तिची वेबसाइट आहे आणि दर गुरुवारी संध्याकाळी पुढच्या आठवड्याची यादी व्हॉट्सअॅपवर येते. सूचीचं नाव इथं लिहीत नाही. मला तिच्या चुकाही सांगायच्या आहेत, आणि ती चालवणारी माणसं तीनच आहेत. ज्यांच्याकडं छोटा हॉल आहे, किंवा जे पदरमोड करून छोटे कार्यक्रम करतात, त्यांना उपयोग व्हावा म्हणून हे सगळं लिहिते आहे.

आमचा हॉल म्हणजे माझ्या सासऱ्यांचं गुळाचं गोदाम. शाहूपुरी ही पेठ शाहू महाराजांनी १८९५ मध्ये व्यापारासाठी वसवली. गुळाचा व्यापार पुढं मार्केट यार्डात गेला आणि आमच्या माडीवर नुसते रिकामे पाट राहिले, ज्यांच्यावर गुळाचे रवे रचून ठेवायचे ते. सासऱ्यांना गाण्याचा नाद. त्यांनी पाट काढले, भिंतींना चुना दिला, सतरंज्या आणल्या आणि बैठका सुरू केल्या. ते गेल्यावर मी बँकेतून निवृत्त झाले आणि हे काम माझ्याकडं आलं. पावसाळ्यात फरशी दमट झाली की अजूनही पहिल्या अर्ध्या तासात गुळाचा वास येतो. नवीन माणूस हमखास विचारतो, "कसला हो वास?"

आधी लोकांना कळवायचं कसं? वर्तमानपत्राच्या कचेरीत आदल्या दिवशी पाच वाजायच्या आत हातानं पत्र नेऊन द्यायचं. जागा असली तर 'आजचे कार्यक्रम'मध्ये एक ओळ यायची. चौकातल्या तालमीच्या फळ्यावर खडूनं लिहून घ्यायचं. आणि वहीत ६२ फोन नंबर होते, ते एकेक करून लावायचे. कोल्हापूरच्या लोकांना ऐकायची सवय जुनी आहे. गायन समाज देवल क्लब १८८३ सालचा, अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारात गायक होते. त्यामुळं श्रोता नाही असं कधीच नव्हतं. पण आमच्याकडं येणारे चाळीस चेहरे ठरलेले होते आणि दर वर्षी त्यातले दोन-तीन कमी व्हायचे. राजारामपुरीत खोली घेऊन राहणाऱ्या कॉलेजच्या पोराला आमची बैठक कळायला काही मार्गच नव्हता.

भाचीनं सांगितलं म्हणून मी या सूचीत नोंद करायला बसले. आधी स्थळाची नोंद करावी लागते, मग कार्यक्रमाची. स्थळाच्या अर्जात हॉलचं नाव, पत्ता, जवळची खूण, आसनसंख्या, भाडं, रंगमंचाची लांबी-रुंदी, ध्वनियंत्रणा, पार्किंग, स्वच्छतागृह असं सगळं विचारतात. पाऊण तास लागला. आसनसंख्येत मी १०० लिहिलं. सासरे नेहमी शंभरच सांगायचे. नोंद पाठवली आणि वाटलं, झालं काम.

तिसऱ्या दिवशी फोन आला. एक मुलगी बोलत होती, आवाजावरून पंचविशीतली.

"काकू, तुमचा हॉल वर आहे ना? पायऱ्या किती आहेत?"

मला सांगता येईना. चाळीस वर्षं त्या जिन्यानं चढ-उतार करते आहे, पण पायऱ्या कधी मोजल्या नव्हत्या. मी म्हटलं, "थांब, मोजून सांगते." फोन कानाला लावूनच खाली गेले आणि मोजत वर आले. एकोणीस. मग तिनं विचारलं, कठडा एका बाजूला की दोन्ही? पायरी उंच आहे का? मध्ये टेकायला जागा आहे? शेवटी म्हणाली, "मी उद्या येऊन बघून जाऊ का? आम्ही न बघता स्थळ लावत नाही."

दुसऱ्या दिवशी ती स्कूटीवरून आली. पाठीवर सॅक, त्यात मोजपट्टी. दाराची रुंदी मोजली, ३३ इंच भरली. कठडा एकाच बाजूला होता, तो हलवून बघितला. स्वच्छतागृहात जाऊन दिवा लावून बघितला, कडी नीट लागते का तेही बघितलं. मग खुर्च्या मोजल्या, सतरंजीवर माणसं कशी बसतात ते मला विचारलं आणि म्हणाली, "काकू, शंभर नाही बसणार. दारापाशी जायला वाट सोडली तर चौऱ्याऐंशी." मी म्हटलं, "अगं, कोजागरीला शंभराच्या वर बसली होती." ती म्हणाली, "बसली असतील, पण वाट अडवून बसली असतील ना?"

ते खरं होतं. ८४ छापलं गेलं. त्याखाली एक ओळ आली: 'पहिला मजला, १९ पायऱ्या, लिफ्ट नाही, कठडा उजव्या बाजूला.' मला आधी ही ओळ आवडली नव्हती. वाटलं, आपणच आपल्या हॉलचं उणं कशाला सांगायचं? पण त्या महिन्याच्या बैठकीला एक बाई आपल्या आईला घेऊन आल्या. आईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. त्या म्हणाल्या, "पायऱ्या वाचल्या होत्या, म्हणून अर्धा तास आधी निघालो. सावकाश चढलो." पायऱ्या लिहिल्या नसत्या तर त्या माउली जिन्याच्या तोंडाशी आल्यावर परत गेल्या असत्या. तेव्हापासून मी कुठंही हॉलची माहिती देते तेव्हा पायऱ्यांपासून सुरुवात करते.

या सूचीची सगळ्यात मोठी जमेची बाजू हीच. अर्ज तर कुणीही ठेवतं. मोठमोठ्या वेबसाइटवर आपण काही लिहा, दोन मिनिटांत तसंच्या तसं झळकतं. खरं-खोटं कुणी बघत नाही. इथं माणूस फोन करतो, येऊन बघतो.

आता कार्यक्रमाच्या अर्जाविषयी. इथं मात्र पहिलं वर्ष फार डोकेदुखीचं गेलं.

शीर्षकाला तेव्हा ५० अक्षरांची मर्यादा होती. मी बालनाट्य शिबिराच्या शेवटच्या दिवसाची नोंद केली: 'लहान मुलांसाठी बालनाट्य शिबिराचा समारोप आणि सादरीकरण'. मोजून बघा, आपल्या मोजणीनं पन्नास अक्षरं कुठं होतात? पण यादीत आलं 'लहान मुलांसाठी बालनाट्य शिबिराचा समारोप आणि सादरीक'. 'सादरीक'वर संपलं. मला वाटलं माझंच काही चुकलं. भाचीनं समजावून सांगितलं, की संगणक काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडायची खूण, हे सगळं वेगवेगळं मोजतो. 'नाट्यगृह' हा शब्द आपल्या डोळ्यांना चार अक्षरांचा, संगणकाला आठ. म्हणजे इंग्रजीत शीर्षक लिहिणाऱ्याला जेवढी जागा मिळते, तेवढीच मराठीला दिली तर मराठीला ती निम्मी पडते. हे मी त्यांना सविस्तर लिहून पाठवलं. मर्यादा ५० वरून ९० झाली, पण त्याला पाच महिने लागले. मराठी गावात मराठी कार्यक्रमांची सूची काढणाऱ्यांनी हे पहिल्या दिवशी बघायला हवं होतं.

प्रकार निवडायच्या यादीत संगीत, नाटक, नृत्य, स्टँडअप कॉमेडी, कार्यशाळा, प्रदर्शन, इतर एवढंच होतं. शाहिरी कुठं घालायची? कीर्तन कुठं? कोल्हापुरात पोवाड्याला 'इतर'मध्ये ढकलायचं म्हणजे काय? मी शाहिरांना काय तोंड दाखवणार होते? लगेच फोन केला, आणि हे काम मात्र झटक्यात झालं. आठव्या दिवशी 'शाहिरी व लोककला' आणि 'कीर्तन-प्रवचन' असे दोन प्रकार वाढले. त्यानंतर गारगोटीकडचं एक भजनी मंडळही सूचीत दिसायला लागलं. आधी त्यांनी नोंदच केली नव्हती, कारण आपण कशात बसतो तेच त्यांना कळत नव्हतं.

कलाकाराच्या रकान्यात एकच नाव मावत होतं. आपल्याकडं बैठकीची पत्रिका कशी असते? मधोमध गायकाचं नाव, त्याखाली 'साथसंगत', मग तबला, संवादिनी, तानपुरा आणि प्रत्येकाचं नाव. साथीच्या माणसाचं नाव गाळणं हा आमच्या घरात अपमान समजला जातो. सासरे तर मानधनाचं पाकीटही आधी तबलजीच्या हातात द्यायचे. मी एका रकान्यात स्वल्पविराम देऊन तिन्ही नावं बसवली. तिकडच्या संपादकांनी 'नीटनेटकं' करताना दोन उडवली. शिवाय पोस्टरचा चौकोन करताना त्यांच्या यंत्रणेनं खालचा भाग कापला. साथीदारांची नावं छापलेली होती ती नेमकी तिथंच. म्हणजे दोन्ही जागी तबलजी गायब. मी रात्री साडेनऊला फोन लावला आणि आवाज चढवून बोलले. समोरच्या मुलानं शांतपणे ऐकून घेतलं, त्याच रात्री नावं परत लावली आणि पुढच्या महिन्यात 'साथसंगत' असा स्वतंत्र रकाना आला. त्या रकान्याचा आता सगळ्या शहराला उपयोग होतो. गुरुवारची यादी उघडा, तबल्याची, पेटीची, पखवाजाची नावं दिसतात. ती दिसली की फार बरं वाटतं.

वेळेचा घोळ मात्र अंगावर आला. कोजागरीची बैठक रात्री साडेआठला सुरू होते आणि दूध पिऊन संपायला एक वाजतो. आमच्याकडं माइक नसतो, सगळं नुसत्या गळ्यानं चालतं, त्यामुळं रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करायचा नियम असला तरी आमचं गाणं थांबत नाही. अर्जात सुरुवात रात्री ८.३० आणि शेवट १.०० भरलं, तर लाल अक्षरांत आलं, 'समाप्तीची वेळ सुरुवातीनंतरची असावी'. मध्यरात्र ओलांडणारा कार्यक्रम त्यांना माहीतच नव्हता. शेवटी ११.५९ लिहिलं. दिवाळी पहाटेचंही तसंच. पहाटे साडेपाच लिहिलं की लोक विचारतात, पाडव्याची पहाट म्हणजे नक्की कुठल्या तारखेची? आता मी वर्णनात वार, तारीख आणि तिथी तिन्ही लिहिते.

आणि मग कागलचे काका.

जानेवारीची बैठक होती, शनिवारी संध्याकाळी सहाला. सकाळी पावणेसहाला दाराची कडी वाजली. आम्ही हॉलच्या मागच्याच दोन खोल्यांत राहतो. बाहेर अंधार, थंडी मी म्हणत होती. दार उघडलं तर सत्तरीतले एक गृहस्थ उभे. डोक्याला मफलर, हातात कापडी पिशवी.

"वैनी, गाणं हितंच हाय न्हवं? का चुकलो मी?"

मी म्हटलं, "काका, गाणं संध्याकाळी सहाला आहे."

त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि यादी दाखवली. स्पष्ट लिहिलं होतं, 'सकाळी ६.००'. त्यांना वाटलं होतं, सकाळचे राग असतील. ते बऱ्याच दिवसांत ऐकले नाहीत म्हणून कागलहून पहिली गाडी धरून आले होते. पायऱ्या चढून दम लागला होता, तरी चेहऱ्यावर राग नाही. उलट मलाच म्हणाले, "असूंद्या, मीच फोन करून इचारायला पायजे हुतं."

मला इतकं अवघड वाटलं, की काय बोलावं सुचेना. आत बोलावलं, चहा केला, यजमानांनी त्यांच्यासोबत बसून पोहे खाल्ले. दिवसभर इथंच थांबा म्हटलं, पण ते ऐकेनात. महालक्ष्मीचं दर्शन घेऊन एका नातेवाइकाकडं गेले आणि संध्याकाळी साडेपाचला परत आले. पुन्हा एकोणीस पायऱ्या चढून आले. त्यांना पुढं बसवलं. मारव्याची आलापी सुरू झाली तेव्हा ते डोळे मिटून बसले ते शेवटपर्यंत उघडले नाहीत. मी मात्र गाण्यात नव्हते. अजून कुणी सकाळी येऊन दार बंद बघून परत गेलं असेल का, हाच विचार डोक्यात.

चूक कुणाची? मी अर्जाची प्रत काढून बघितली. अर्जात वेळ भरताना 'सकाळ' आधीच निवडलेलं असायचं, ते बदलून 'संध्याकाळ' आपण करायचं. मी बदललं होतं. पण नंतर साथीदाराचं नाव दुरुस्त करायला अर्ज पुन्हा उघडला, तेव्हा वेळेचा रकाना आपोआप पुन्हा 'सकाळ'वर गेला होता, आणि मी तो न बघता पाठवून दिला. त्या मुलीला फोन केला. ती दोन मिनिटं काही बोलली नाही. मग म्हणाली, "काकांचा नंबर आहे का तुमच्याकडं? मी त्यांना फोन करते." तिनं केला, माफी मागितली. आठवड्याभरात अर्जातून 'सकाळ-संध्याकाळ'ची निवड गेली आणि सरळ घड्याळाचे २४ तास आले. आता नोंद पाठवली की उलट संदेश येतो: 'तुमचा कार्यक्रम शनिवारी सायंकाळी सहा वाजता आहे, बरोबर?' आकडा नाही, अक्षरांत. 'हो' पाठवल्याशिवाय नोंद लागत नाही. ही सोय मला तरी इतर कुठं भेटली नाही.

चुका सगळ्यांच्याच हातून होतात. माझं सांगणं आहे ते दुरुस्तीविषयी. सूचीत नोंद करायच्या आधी बघा, की चूक झाली तर फोन कुणाला करायचा? तो फोन उचलला जातो का? किती वेळात बदल दिसतो? मी वेळ लिहून ठेवते. वेबसाइटवरचा बदल सरासरी वीस-पंचवीस मिनिटांत होतो, रविवारीसुद्धा. राज्यभर चालणाऱ्या दुसऱ्या एका वेबसाइटवर आमच्या हॉलची खूण नकाशावर दोन गल्ल्या पलीकडं, एका पंक्चरच्या दुकानावर आहे. चार वेळा कळवलं. अजून ती तिथंच आहे, आणि त्या दुकानदाराला बिचाऱ्याला दर दुसऱ्या शनिवारी लोकांना वाट दाखवावी लागते.

दुरुस्तीचं मोल ९ ऑगस्ट २०२४ ला सगळ्या शहराला कळलं. ८ तारखेच्या रात्री संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. शाहू महाराजांनी बांधून घेतलेलं, १९१५ मध्ये पुरं झालेलं नाट्यगृह. खासबाग मैदानाला लागून. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रात्री आम्ही माडीच्या गच्चीवर उभे होतो, खालून माणसं त्या बाजूला पळत होती, आणि कुणाच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. माझं पहिलं नाटक मी तिथं बघितलं होतं, आईच्या मांडीवर बसून.

सकाळी मी सवयीनं सूची उघडली. नाट्यगृहाच्या पानावर वरच लिहिलं होतं: 'आगीमुळे नाट्यगृह बंद. इथले सर्व कार्यक्रम रद्द समजावेत. आयोजकांनी नवीन स्थळ कळवल्यास तासाभरात बदल करू.' खाली शहरातल्या इतर जागा दिल्या होत्या: शाहू स्मारक भवन, पेटाळ्यावरचं राम गणेश गडकरी सभागृह आणि मग छोटे हॉल, प्रत्येकाची आसनसंख्या आणि भाडं यांसकट. त्यात आमचा ८४ चा हॉलही होता. दहा वाजल्यापासून फोन सुरू झाले. तालमीला जागा हवी असलेली नाटकवाली पोरं, शाळेचा कार्यक्रम ठरलेले शिक्षक, एका नृत्यवर्गाच्या बाई. त्या महिन्यात आमची माडी एकाही संध्याकाळी रिकामी नव्हती. तालमींना भाडं घेतलं नाही. नाटकाची पोरं रंगमंच म्हणून खडूनं फरशीवर चौकोन आखायची आणि जाताना ओल्या फडक्यानं पुसून ठेवायची. एका कोपऱ्यात तो खडू अजून पुसट दिसतो, मी तो घासून काढलेला नाही.

दुसऱ्या एका मोठ्या वेबसाइटवर मात्र त्या नाट्यगृहाचं पान कित्येक आठवडे 'आज सुरू आहे' असंच दाखवत होतं. गाव रडत होतं आणि तिथं लिहिलेलं, पार्किंग उपलब्ध. ते बघताना पोटात कालवायचं.

आता पैशांचं. साधी नोंद फुकट आहे, स्थळाचीही आणि कार्यक्रमाचीही. ५०० रुपये दिले तर कार्यक्रम आठवडाभर वरती ठळक दिसतो. मी दोनदा दिले. एकदा फरक पडला, बारा-पंधरा नवी माणसं आली. दुसऱ्यांदा काही नाही, कारण तो नवरात्राचा आठवडा होता आणि ठळक कार्यक्रमच वीस होते. पैसे घेतात याबद्दल माझी तक्रार नाही. तीन माणसांनी पोट कशावर भरायचं? तक्रार ही, की सणाच्या दिवसांत फुकटच्या नोंदी तिसऱ्या-चौथ्या पानावर जातात. नवरात्रात एखाद्या गल्लीतलं महिला मंडळ भोंडल्याची गाणी बसवतं, त्याला कोण पाचशे देणार? निदान पहिल्या पानावर दोन जागा फुकटच्या नोंदींसाठी राखाव्यात, असं मी दोनदा लिहून कळवलं आहे. अजून झालेलं नाही.

दुसरी खरी अडचण व्हॉट्सअॅपच्या यादीची. ती चित्र म्हणून येते. एकदा फिरली की परत घेता येत नाही. गेल्या पावसाळ्यात आमच्या गायिकेचा आवाज बसला, सकाळी अकराला बैठक रद्द केली. वेबसाइटवर लगेच 'रद्द' लागलं, पण चित्र गुरुवारपासून गावभर फिरत होतं. संध्याकाळी अकरा माणसं आली. मी जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसले, प्रत्येकाला वर चढायच्या आत सांगितलं. दोघं तर गडहिंग्लजहून भिजत आले होते, त्यांना वर नेऊन जुनं ध्वनिमुद्रण लावून दिलं. यादी साध्या मजकुरात पाठवावी, खाली 'निघण्यापूर्वी इथे बघा' अशी वेबसाइटची लिंक द्यावी, हे मी तेव्हापासून सांगते आहे. ते म्हणतात, मजकुराची यादी कुणी वाचत नाही. मला ते पटत नाही. माझ्या वयाची माणसं वाचतात, चष्मा लावून वाचतात. आणि ज्यांना दिसत नाही त्यांचा मोबाइल मजकूर वाचून तरी दाखवतो, चित्रातली अक्षरं त्यांना बऱ्याचदा कुणीतरी वाचून दाखवावी लागतात.

नवीन नोंद करणाऱ्यांना दोन गोष्टी सांगते. बुधवारी दुपारी तीनच्या आत पाठवा, नाही तर गुरुवारच्या यादीत येत नाही. आणि घरचा नंबर देऊ नका. मी दिला, आणि वाढदिवसाला हॉल मिळेल का इथपासून कर्ज हवंय का इथपर्यंत सगळे फोन जेवणाच्या वेळी येऊ लागले. आता हॉलसाठी वेगळं सिम घेतलं आहे, रात्री नऊला बंद करते. दर महिन्याच्या बैठकीसाठी आधी बाराही वेळा पूर्ण अर्ज भरावा लागायचा, कारण 'दर आठवड्याला' अशी सोय होती, 'दुसरा शनिवार' नव्हता. आता जुनी नोंद उचलून तारीख बदलता येते. पाच मिनिटांत होतं.

आमच्या बैठकीला आता सरासरी साठ माणसं असतात. त्यातली वीस-बावीस पंचविशीच्या आतली. ती मागं भिंतीला टेकून बसतात, पहिला अर्धा तास मोबाइल बघतात, मग ठेवून देतात. कागलचे काका दर महिन्याला येतात, बुधवारी रात्री न चुकता फोन करून वेळ विचारतात. मागच्या वेळी त्यांनी गुळाची ढेप आणली होती, शेजाऱ्याच्या गुऱ्हाळावरची. हॉलमध्ये पुन्हा गूळ आला म्हणून यजमानांचे डोळे भरून आले.

गेल्या महिन्यात आम्ही जिन्याला डाव्या बाजूनंही कठडा बसवून घेतला. लोखंडी, गोल पाइपचा, हाताला गार लागतो पण पकड छान बसते. काल मी सूचीत स्थळाची नोंद उघडली, 'कठडा उजव्या बाजूला' खोडून 'कठडा दोन्ही बाजूंना' केलं आणि पाठवलं. आज सकाळी साडेदहाला फोन वाजला.

"काकू, कठड्याचं वाचलं. दुपारी येऊन बघून जाऊ?"

मी म्हटलं, "ये की. जेवायलाच ये."